अंदाज बरोबर आला तरी पैसे गेले

वाचकाचं पत्र थोडक्यात असं आहे. वय 29, मांजरा काठच्या एका तालुक्याच्या गावात कृषी सेवा केंद्र. घरात आईवडील, बायको आणि तीन वर्षांची मुलगी. दुकानात दिवसभर शेतकरी येतात, राजकारणाच्या गप्पा होतात, आणि 2024 च्या लोकसभेला शेजारच्या बीडचा निकाल यानं आधीच सांगितला होता, तेव्हापासून चौकात याचा अंदाज म्हणजे पक्का असं झालं. विधानसभेच्या वेळी एका मित्रानं व्हॉट्सअपवरून निवडणुकीच्या ऑनलाइन सट्ट्याचा आयडी काढून दिला. विधानसभेत 85 हजार गेले, 2025 च्या नोव्हेंबरात बिहारवर 40 हजार आले, आणि डिसेंबरच्या नगरपरिषदांमध्ये 2 लाख 65 हजार गेले. सगळं मिळून 3 लाख 10 हजार. त्यात खताच्या होलसेलवाल्याला द्यायचे 1 लाख 20 हजार, बायकोचं गंठण न सांगता तारण ठेवून आणलेले 80 हजार, वडिलांच्या सोयाबीनच्या पट्टीचे 50 हजार, आणि 60 हजार अजून आयडीवाल्याचे देणे आहेत. आयडीवाला म्हणतो, पैसे नसतील तर गावातल्या दहा पोरांना आयडी काढून दे, कमिशनमधून फेड, नाहीतर वडिलांचं बँक खातं वापरायला दे. घरी कुणाला काही माहीत नाही. "मावशी, मी पत्ते, मटका कधी खेळलो नाही, मला राजकारण कळतं म्हणून लावतो. आता झेडपीची आलीय, आमच्या गटाचं मला शंभर टक्के माहीत आहे. एकदाच लावून वसूल करू आणि कायमचं बंद करू का? आणि वसूल झालंच तर घरी सांगायची गरज आहे का?"

लेकरा, उत्तर आधी देते आणि मग बोलू. झेडपीवर एक रुपया लावू नको. आणि घरी सांग, याच महिन्यात सांग, वसूल होण्याची वाट बघू नको.

आता तुझ्या मुद्द्यावर येते, कारण तू काही कच्चं लिहिलेलं नाहीस. तुला राजकारण कळतं हे मी मानते. बीडमध्ये 2024 ला बजरंग सोनवणे 6 हजार 553 मतांनी निवडून आले, शेवटच्या फेऱ्यांपर्यंत कुणाला काही कळत नव्हतं आणि तू महिनाभर आधी दुकानात बसून सांगितलं होतंस, ते सोपं नव्हतं. पण तू असं धरून चाललायस की ज्याचा अंदाज बरोबर त्याचा पैसा होतो. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना वही घेऊन बसले, मी पतसंस्थेच्या काउंटरवर सत्तावीस वर्षं काढली, आकडे दिसले की मांडून बघायची सवय जात नाही. तुझ्या पत्रात एक गोष्ट आहे जी तुला स्वतःला दिसलेली नाही असं मला वाटतं.

तुमच्या नगराध्यक्षपदाचं बघ. मतदानाच्या आधी तू एका उमेदवारावर 40 पैसे भावानं दीड लाख लावलेस, म्हणजे तो आला तर 60 हजार मिळणार. 2 डिसेंबरला मतदान झालं. मोजणी दुसऱ्या दिवशी होती, पण काही ठिकाणचं मतदान 20 तारखेवर गेलं म्हणून हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं सगळ्यांचीच मोजणी 21 ला करायला सांगितली. एकोणीस दिवस पेट्या बंद आणि तुझा भाव चालू. कुणीतरी उठवलं की तुझा माणूस पडतोय, भाव फिरला, दुसरा उमेदवार 60 पैशाला आला आणि तू घाबरून पलटी मारलीस, दुसऱ्यावर 2 लाख लावलेस, तो आला तर 1 लाख 20 हजार. आता वहीत मांड. दुसरा आला असता तर पहिले दीड लाख गेले आणि 1 लाख 20 हजार आले, म्हणजे 30 हजार तोटा. पहिला आला तर 60 हजार आले आणि 2 लाख गेले, म्हणजे 1 लाख 40 हजार तोटा. दोन्हीकडून तोटाच होता, मोजणीला बसायच्या आधीच तू हरलेला होतास, फक्त किती ते ठरायचं होतं. आणि 21 तारखेला निवडून कोण आलं? तुझा पहिलाच माणूस. तुझा अंदाज पहिल्या दिवसापासून बरोबर होता लेकरा, आणि तरी तुझे 1 लाख 40 हजार गेले.

मी हे तुला खिजवायला सांगत नाही. तुझी सगळी भिस्त ज्या वाक्यावर आहे ना, "मला शंभर टक्के माहीत आहे", ते वाक्य खरं ठरून सुद्धा काय होतं ते तू बघून बसलायस आणि परत तेच वाक्य लिहितोयस, म्हणून सांगते.

दुसरं, भाव. 40 पैसे भाव म्हणजे हजार लावले तर वर चारशे मिळतात, हरलास तर हजार जातात. अशा सात वेळा लावलंस तर पाच वेळा बरोबर यायला लागतं तेव्हा कुठं बरोबरी होते, कमाई शून्य. तुझ्या म्हणण्याप्रमाणं बिहारला 25 पैसे मिळाले, म्हणजे 40 हजारांसाठी तू 1 लाख 60 हजार पणाला लावले होतेस, तेव्हा एनडीएला 243 पैकी 202 आल्या आणि तू सुटलास, पण तिथं पाचात चार वेळा बरोबर यायलाच लागतं नुसतं जागेवर राहायला. आणि लगाई 40 तर खाई 45, म्हणजे माणूस येणार म्हणून लावायचा भाव एक आणि पडणार म्हणून लावायचा दुसरा, हा जो मधला फरक असतो ना त्यावर बुकी जगतो, त्याला कोण निवडून येतंय याच्याशी देणंघेणं नसतं, दोन्हीकडून पैसा आला की त्याचं झालं. तुला जे दुकानात कळतं ते गावातल्या बाकीच्यांनाही कळतंच की, आडतीवर कळतं, हॉटेलात कळतं, आणि ते सगळं भावात आधीच आलेलं असतं. सगळ्यांना माहीत असलेल्या उमेदवाराचा भाव 15 पैसे होतो तो काय उगीच होतो का.

आणि सगळ्यांना माहीत असलेलं पण किती पक्कं असतं ते आपल्या मराठवाड्याएवढं कुणी बघितलं नसेल. लोकसभेला आठपैकी सात जागा आघाडीकडे गेल्या, महायुतीला फक्त संभाजीनगर. सहा महिन्यांनी, तीच गावं, तेच मतदार, 46 पैकी बहुतेक जागा महायुतीकडे. तू लोकसभेचं वारं धरून विधानसभेला लावलंस आणि तिथंच 85 हजार गेले, हे तू स्वतः लिहिलंयस. 2019 ला संभाजीनगरात इम्तियाज जलील 4 हजार 492 मतांनी आले. नांदेडच्या पोटनिवडणुकीत फरक होता 1 हजार 457 चा. तुमच्या शेजारच्या परंड्यात तानाजी सावंत 1 हजार 509 नं आले. लाखांनी मतं पडतात तिथं हजार-दीड हजार कुठं वळतात हे दुकानाच्या काउंटरवरून दिसत नाही, कुणालाच कुठूनच दिसत नाही. 2024 च्या लोकसभेला बहुतेक एक्झिट पोल एनडीएला साडेतीनशेच्या वर देत होते आणि आल्या 293, राजस्थानातल्या फलोदीचा सट्टा बाजार एवढा नावाजलेला, तोही भाजपला तीनशेच्या पुढे धरून होता आणि आल्या 240. निकालाच्या दिवशी 4 जूनला सेन्सेक्स चार हजारांच्या वर पॉइंट पडला, त्यात भलेभले शिकलेले लोक पोळले.

तू लिहितोस अमेरिकेत पॉलीमार्केट नावाच्या पैजेच्या साइटवर हे उघड चालतं आणि सर्व्हेपेक्षा खरं निघतं. चालतं, बरोबर. 2024 च्या अध्यक्षाच्या निवडणुकीवर त्या साइटवर 300 कोटी डॉलरच्या वर उलाढाल झाली. पण त्यात सगळ्यात मोठा जिंकलेला माणूस कोण होता बघ, एक फ्रेंच गृहस्थ, मुळात पैशाच्या धंद्यातला, त्यानं स्वतःच्या खर्चानं खासगी सर्व्हे करून घेतले, लोकांना विचारलं की तुमचे शेजारी कुणाला मत देतील, कारण स्वतःचं मत लोक लपवतात पण शेजाऱ्याचं सांगतात. त्याला अंदाजे साडेआठ कोटी डॉलर मिळाले. त्याची बातमी झाली, त्याच्या समोर जे हरले त्यांची झाली नाही. आणि समोर कोण होते, तुझ्यासारखेच, ज्यांना आपल्याला कळतं असं वाटत होतं ते. शिवाय तो जिथं खेळला तिथं लावलेला पैसा आणि मिळालेला पैसा हिशोबात दिसतो. तुझा आयडी म्हणजे व्हॉट्सअपवरचा एक नंबर आणि दर वेळी वेगळ्याच कुणाच्या तरी खात्यावर यूपीआय. उद्या तू मोठी रक्कम जिंकलास आणि त्यानं नंबर बंद केला तर कुठल्या कोर्टात जाशील? 1872 च्या करार कायद्यात कलम 30 आहे, पैजेचा करार कोर्टात उभाच राहत नाही. अमुक होईल का यावर हो किंवा नाही म्हणून पैसे लावायचे ते आधीचे ॲप होते, त्यांच्याबद्दल सुद्धा शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनं एप्रिल 2025 ला सांगितलं होतं की हे आमच्या अखत्यारीत नाही, इथं गुंतवणूकदाराला कसलंच संरक्षण मिळत नाही.

आता जे मला सगळ्यात जास्त लागलं ते. तू एका ओळीत लिहून पुढं गेलायस, "मत पण ज्याच्यावर पैसा होता त्यालाच दिलं, खरं तर मला दुसरा बरा वाटत होता." मी त्या ओळीवर थांबले. तुझ्या गल्लीत पाणी कधी येणार, नाली कोण बांधणार, पाच वर्षं तुझी मुलगी कुठल्या रस्त्यानं शाळेत जाणार, हे ज्यातून ठरतं ते मत तू 40 पैशाच्या भावावर टाकून आलास. पाचशेची नोट घेऊन मत देणाऱ्यांना आपण नावं ठेवतो ना? आणि दुसरी गोष्ट, तू लिहितोस हल्ली गिऱ्हाईक बोलायला लागलं की तुझ्या मनासारखं बोललं तर बरं वाटतं, उलट बोललं की त्याला काही कळत नाही असं वाटतं. अरे, तुझा अंदाज खरा का निघायचा? तू नुसतं ऐकायचास म्हणून. एखादा शेतकरी तुरीच्या फवारणीचं विचारता विचारता मधेच बोलून जायचा, तू त्याला अडवत नव्हतास. पैसा लावल्यापासून तू ऐकणं सोडलंस, तू आता होकार शोधतोस. झेडपीचं तुला शंभर टक्के माहीत आहे म्हणतोस, कोण कोण बोललं तुझ्याशी, आठवून बघ, आणि त्यातल्या किती जणांना तू बोलू दिलंस?

आमच्या लहानपणी पण निवडणुकीच्या पैजा लागायच्या, पडला तर मिशी काढीन, गावाला जेवण देईन. आमच्या एका चुलत्यांनी खरंच मिशी काढली होती आणि महिनाभर उपरणं तोंडाला लावून हिंडले, पण आमच्या काकूचं गंठण जागेवर होतं.

बरं, आता करायचं काय. आयडीवाल्याचं आधी सांगते कारण ते तुंबलंय. पोरांना आयडी काढून द्यायचा आणि वडिलांचं खातं द्यायचा, त्याच्या दोन्ही प्रस्तावांना सरळ नाही म्हण, तोंडावर नाही जमलं तर मेसेज टाक. आजपर्यंत तू फक्त स्वतःचं नुकसान केलंस. दहा पोरं आणलीस की तू चालवणारा झालास, ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यात पैशाचे खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 कोटीपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही आहे, पैशाचे व्यवहार करून देणाऱ्यालाही तेवढंच, आणि खातं वापरायला दिलंस तर तेही त्यात येऊ शकतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 112 मध्ये टोळीनं चालणारी बेकायदा बेटिंग आली, त्यात 1 ते 7 वर्षं. नुसत्या खेळणाऱ्याला त्या ऑनलाइनच्या कायद्यात शिक्षा नाही, पण आपल्या राज्याचा 1887 चा जुगाराचा कायदा वेगळा आहेच, म्हणून एखाद्या वकिलाशी एकदा बोलून घे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात उत्पन्न कमी असेल तर फुकट मिळतो, 15100 वर विचारता येतं.

वडिलांचं खातं तर अजिबात नाही. काउंटरवर मी बघितलंय, एक आजोबा पीक विम्याचे पैसे काढायला आले, पासबुक प्रिंट करून दिलं, शिल्लक दिसतीय पण पैसे निघेनात, खात्यावर पोलिसांचा होल्ड. नातवानं एटीएम कार्ड कुणाला तरी महिना दोन हजारावर दिलं होतं आणि कुठल्या तरी दुसऱ्या राज्यातल्या फसवणुकीचा पैसा त्यातून फिरला होता. आजोबा काउंटरला धरून उभेच राहिले, म्हणाले, बाई, माझं काय चुकलं तेवढं सांगा. ते खातं सुटायला किती महिने गेले मला आता आठवत नाही, पण पेरणी त्यांची त्या वर्षी व्याजाच्या पैशावर झाली.

त्या 60 हजारांचं, तुला स्पष्ट सांगते, नवीन कर्ज काढून ते देऊ नको. कोर्टातून तो ते वसूल करू शकत नाही. तो दम देईल, दुकानावर माणसं पाठवीन म्हणेल, तेव्हा एकट्यानं भेटायला जायचं नाही, चॅट डिलीट करायचं नाही, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून भावाकडे नाहीतर वकिलाकडे ठेवायचे, आणि धमकी आली की पोलीस ठाण्यात लेखी द्यायचं. ऑनलाइन फसवणुकीसाठी 1930 आहे. आयडी बंद कर, नंबर ब्लॉक कर, ज्या ग्रुपवर भाव येतात त्यातून बाहेर पड, आणि बँकेच्या ॲपमधून यूपीआयची रोजची मर्यादा कमी करून ठेव, दुकानाचा व्यवहार काही दिवस वडिलांच्या नाहीतर बायकोच्या फोनवर घे. ते आवडणार नाही तुला, तरी घे.

होलसेलवाल्याकडे स्वतःहून जा, त्यानं फोन करायच्या आधी. त्याला सट्ट्याचं सांगायची गरज नाही, पैसे अडकलेत, महिना दहा हजार देतो म्हण आणि पहिला हप्ता हातात घेऊनच जा. खरिपाचा माल तिथूनच यायचाय, दुकान चाललं तरच बाकी सगळं फिटणार, म्हणून माझ्या मते पहिलं देणं ते. गंठणाचं व्याज दर महिन्याला भरत राहा म्हणजे ते लिलावाला जायची भीती कमी. खासगी सावकाराच्या दारात जायचं नाही.

आणि घर. तू विचारतोस वसूल झाल्यावर आपोआप मिटेल का. तुझ्याच पत्रात लिहिलंयस की येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, निकालाच्या दोनच दिवस आधी, सगळे शेतात कोपीजवळ बसलेले, आईनं भज्जी आणि आंबील वाढली, मुलगी बाजरीच्या उंड्याशी खेळत होती आणि तू नाल्याच्या कडेला जाऊन फोनवर भाव बघत होतास, बायकोनं दोनदा हाक मारली ती तुला ऐकू आली नाही. ती हाक वसूल होत नाही रे. आणि तिला काही कळलेलं नाही असं तुला वाटतंय, मला तसं वाटत नाही. नवरा रात्री उठून बाहेर फोन घेऊन जातो, दुकान चांगलं चाललेलं असून किराण्याला पैसे नाहीत म्हणतो, हे बाईला लगेच दिसतं, ती फक्त कारण वेगळं धरून बसलेली असते, आणि ते कारण याच्यापेक्षा वाईट असू शकतं. हे वाचणाऱ्या ज्या कुणाच्या घरात असं दिसतंय त्यांनीही रागानं नाही, एकदा जवळ बसून पैशाचंच सरळ विचारून बघा, पुष्कळदा समोरचा विचारण्याचीच वाट बघत असतो.

वडिलांना सांगताना आकडा पूर्ण सांग. अर्धा सांगून बघू असं बरेच जण करतात, मग उरलेला अर्धा फेडायला परत लावतात. सप्टेंबरच्या पुरातून जी काही सोयाबीन वाचली त्याचे ते 50 हजार होते, ते चिडतील, कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. बोलू दे, गप्प बसू दे. सोबत एखादा मामा नाहीतर मोठा चुलतभाऊ असला तर बरं. आणि रात्री झोप लागत नसेल, जिवाचं काही वाकडं मनात येत असेल, तर सकाळची वाट न बघता कुणाला तरी उठव आणि 14416 लाव, टेली मानस म्हणतात, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, रात्री पण मराठीत बोलतात. 3 लाख 10 हजार हे चालत्या दुकानाचं दोन-तीन वर्षांचं देणं आहे, मी त्याहून मोठी देणी फिटलेली माझ्या काउंटरवर बघितली आहेत.

पण बायकोला सगळ्यांच्या आधी सांग, आणि एकटीला सांग. संक्रांत आली, रथसप्तमीपर्यंत गावात रोज कुणाकडे ना कुणाकडे हळदीकुंकू असतं, ती एक दिवस कपाटातला डबा काढणार. तिनं तो उघडायच्या आधी तारणाची पावती तू तिच्या हातात दे.